आधी गोळी, मग भाकरी : सोलापुरातल्या एका शिक्षिकेचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सोलापुरातल्या एका माध्यमिक शिक्षिकेचे आहे. त्यांच्या संमतीने मांडते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शाळेत आणि गल्लीत सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणते. आहारतज्ज्ञ म्हणून मी त्यांच्यासोबत साधारण वर्षभर काम केले. औषधांचे निर्णय त्यांच्या फिजिशियनचे होते, व्यायामाची आखणी आधी फिजिओथेरपिस्टची आणि नंतर जिममधल्या ट्रेनरची.

पार्श्वभूमी

जून २०२४ मध्ये बाईंचे वय ४८, उंची १५६ सेंटिमीटर आणि वजन ८१ किलो होते. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३३ भरत होता. भारतीयांच्या बाबतीत तो २५ झाला की लठ्ठपणा धरतात. बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानतात, बाईंचा १०२ होता. मधुमेह सहा वर्षांपासून. रोज दोन वेळा मेटफॉर्मिन आणि सकाळी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ८.१. उजवा गुडघा दुखायचा. एक्स-रेत झीज नुकती सुरू झालेली दिसली होती आणि तेव्हापासून त्यांनी खाली बसणे, जिना चढणे जवळजवळ सोडले होते. पाळी अनियमित झाली होती, झोप तुटक.

घर शाकाहारी, अंडेही नाही. स्वयंपाक सासूबाईंच्या हातात, कारण बाई सकाळी शाळेत आणि संध्याकाळी वह्या तपासण्यात. जेवणाची नोंद मागितली तेव्हा बाईंनी शिक्षिकेच्या शिस्तीने आठवड्याभराची वही आणून दिली. दिवसात चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, सकाळच्या चहासोबत बिस्किटे. नाश्त्याला पोहे किंवा उपीट. डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची किंवा वांग्याची भाजी. पाच वाजता चिवडा. रात्री ज्वारीच्या दोन भाकऱ्या, आमटी, शेवटी दहीभात.

यात खादाडपणा कुठेच नाही. सोलापुरातल्या कुठल्याही साध्या घरात असेच जेवतात. पण ज्वारीच्या एका मोठ्या भाकरीत साधारण ४० ग्रॅम कर्बोदके असतात, पोळीत २० च्या आसपास. सगळे मांडले तर दिवसाला ३०० ग्रॅमच्या वर कर्बोदके जात होती आणि प्रथिने जेमतेम ४५ ग्रॅम. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असे दिसले आहे. बाईंचे ताट त्यातलेच होते.

अडचण कशी पुढे आली

बाई माझ्याकडे आल्या त्याला निमित्त झाले वर्गातल्या एका प्रसंगाचे. मोबाइलवर कोणाचा तरी व्हिडिओ पाहून त्यांनी कर्बोदके बंद करायचे ठरवले. साखर, पोहे, डब्यातल्या पोळ्या एकदम थांबवल्या. गोळ्या मात्र होत्या तशाच चालू राहिल्या. तीन-चार दिवसांनी आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, अक्षरे दिसेनात. शेजारच्या वर्गातल्या सहकारी बाईंकडे ग्लुकोमीटर होता. साखर ५८ निघाली. ७० च्या खाली गेली की ती कमी धरतात. ग्लुकोजचे पाणी पाजल्यावर अर्ध्या तासात त्या सावरल्या.

घरी त्याचा अर्थ सरळ लावला गेला. सासूबाई म्हणाल्या, "भाकरीबिगर माणूस उभा ऱ्हातंय व्हय?" यजमानांचेही तेच मत पडले. बाई स्वतःही घाबरल्या आणि पुन्हा पूर्वीचे जेवण सुरू झाले.

दोष भाकरी सोडण्याचा नव्हता. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, समोर जेवण असो वा नसो. जेवणातली कर्बोदके निम्म्याने घटली आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर खाली जाणारच. एकट्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. म्हणजे बाईंनी निवडलेली दिशा चुकीची नव्हती, क्रम उलटा झाला होता. पुढचे सगळे काम या क्रमाभोवतीच फिरले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आधीपासून होता: कमी तेल, कमी खाणे, रोज चालणे. बाईंनी तो दोनदा करून पाहिला होता. दोन्ही वेळा तीन-चार किलो उतरले आणि परत आले. गुडघ्यामुळे चालणेही सुटायचे.

दुसरा, कीटो, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅमच्या आत कर्बोदके. शाकाहारी आणि अंडेही न खाणाऱ्या घरात याचा अर्थ पनीर, लोणी, तूप, सुकामेवा यांवर दिवस काढायचे. डाळीसुद्धा जवळजवळ बंद. शिवाय एक खरा धोका होता. महिन्याभरापूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरांनी बाईंना डापाग्लिफ्लोझिन लिहून दिले होते, ते अजून विकत आणले नव्हते. या गटातली औषधे लघवीतून साखर बाहेर टाकतात. कर्बोदके फारच कमी झाली आणि सोबत हे औषध असले, तर साखर फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी होण्याची, म्हणजे कीटोअॅसिडोसिसची वेळ येऊ शकते. ग्लुकोमीटरवर आकडा ठीक दिसतो म्हणून रुग्ण घरीच थांबतो, हे त्यातले सर्वांत वाईट. फिजिशियननी ते औषध तूर्त थांबवले आणि कीटो आम्ही बाजूला ठेवला.

तिसरा पर्याय महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे: डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकांपर्यंत नेलेली, दिवसात दोनच वेळा आणि प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण आटोपण्याची पद्धत. यजमान तिच्या बाजूचे होते, त्यांच्या कार्यालयात दोघांना गुण आला होता. बाईंच्या बाबतीत दोन गोष्टी आड आल्या. ग्लिमेपिराइड चालू असताना लांब उपाशी राहणे धोक्याचे होते. आणि शाळेच्या वेळापत्रकात दोन जेवणे बसवली तर बाईंना रोज हवी असलेली ७० ग्रॅम प्रथिने दोनच ताटांत बसवावी लागत होती, ती बसेनात.

चौथा पर्याय आम्ही घेतला: कर्बोदके दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास, रात्री एक लहान भाकरी कायम, प्रथिने ७० ते ७५ ग्रॅम आणि आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम.

वजनासाठी कमी कर्बोदकांचा आहार इतर आहारांपेक्षा चमत्कारिक सरस आहे असे मी बाईंना सांगितले नाही, कारण ते खरे नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या मोठ्या चाचणीत ६०९ जणांना कमी चरबीच्या किंवा कमी कर्बोदकांच्या आहारावर ठेवले होते. वर्षअखेरीस दोन्ही गटांनी सरासरी पाच-सहा किलो वजन गमावले, फरक नगण्य होता. ही चाचणी मधुमेह नसलेल्यांवर होती. बाईंच्या बाबतीत कारण वेगळे होते: जेवणानंतर चढणारी साखर कर्बोदकांवर सर्वांत जास्त अवलंबून असते, आणि त्यांच्या ताटात कमी करायला जागा होती ती तिथेच.

काय केले, कोणत्या क्रमाने

*गोळी आणि तपासण्या.* ताटाला हात लावण्यापूर्वी फिजिशियननी ग्लिमेपिराइड २ वरून १ मिलिग्रॅमवर आणले आणि साखर रोज चार वेळा मोजायला सांगितली. रक्तदाबाची गोळी नव्हती. असती तर तीही पाहावी लागली असती, कारण या आहारात पहिल्या आठवड्यांत शरीरातले पाणी आणि मीठ उतरते व दाब खाली येतो. मूत्रपिंडांचे काम कळावे म्हणून क्रिएटिनिन तपासले, ठीक होते, त्यामुळे प्रथिने वाढवायला हरकत नव्हती. डोळ्यांचा पडदा तपासून घेतला. मधुमेहाने पडद्यावरच्या रक्तवाहिन्या फार बिघडलेल्या असतील तर जड वजन उचलणे घातक ठरू शकते, आणि साखर झपाट्याने उतरतानाही पडद्यावर लक्ष ठेवावे लागते. पडदा चांगला निघाला. जीवनसत्त्व बी-१२ मात्र बरेच कमी होते. शाकाहार आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन ही जोडी असली की हे वारंवार दिसते. वयाचा म्हणून त्या सोसत होत्या त्या थकव्यात याचा वाटा होता. बी-१२ सुरू झाले.

*ताटात काय घालायचे.* भाकरी अजून जशीच्या तशी होती. पहिले दोन आठवडे भर दिला तो प्रथिने वाढवण्यावर. नाश्त्याला पोह्यांऐवजी मुगाची धिरडी, आत किसलेले पनीर. डब्यात सोयावडीची कोरडी भाजी किंवा पनीर-सिमला मिरची, काकडीची दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर, ताक. रात्री पातळ आमटीच्या जागी घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, पालेभाजी, घरचे दही. सोयावडी वाळलेली असताना १०० ग्रॅममध्ये सुमारे ५० ग्रॅम प्रथिने देते, त्यामुळे मूठभर वड्यांनीही फरक पडतो. अंडी बाईंना नको होती, तो विषय मी पुन्हा काढला नाही.

इथे एक निर्णय महत्त्वाचा ठरला: माझी पुढची बैठक बाईंसोबत न होता सासूबाईंसोबत, त्यांच्या स्वयंपाकघरात झाली. वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, काळ्या मसाल्यात परतायच्या हे त्यांना एकदा दाखवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यात शेंगाची चटणी घालून माझ्यापेक्षा चांगली भाजी केली. "आमची सून उपाशी ऱ्हायला नको," एवढीच त्यांची अट होती. ती रास्त होती आणि पूर्ण योजना त्या अटीत बसत होती.

*मग भाकरी.* पोट भरू लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात डब्यातल्या तीन पोळ्यांची एक झाली, रात्रीच्या दोन भाकऱ्यांची एक लहान, भात रविवारी. चहा दोनच, बिनसाखरेचे. त्याला बाईंना महिना लागला, आणि बाकी सगळ्यापेक्षा तेच जड गेले असे त्या आजही सांगतात. सकाळची साखर ११० च्या खाली स्थिरावल्यावर ऑगस्टमध्ये फिजिशियननी ग्लिमेपिराइड पूर्ण बंद केले.

पहिल्या महिन्यात ३.८ किलो उतरले. घरात आनंद झाला, पण त्याच बैठकीत मी त्यातला मोठा भाग पाणी आहे हे सांगून टाकले. शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवते आणि प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरते. साठा रिकामा झाला की पाणी जाते. हे आधी सांगितले नाही तर दुसऱ्या महिन्यात दीडच किलो उतरल्यावर माणूस आहार सोडतो.

*श्रावण आणि नवरात्र.* बाई श्रावणी सोमवार आणि नवरात्राचे नऊही दिवस उपवास करतात. उपवास मोडायला सांगणे मला मान्य नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. पण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, १०० ग्रॅममध्ये ८७-८८ ग्रॅम कर्बोदके आणि प्रथिने एक ग्रॅमही नाही. उपवासाच्या दिवशी साखर सर्वांत जास्त चढायची ती यामुळेच. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे, दही, पनीर, काकडी, राजगिऱ्याची एक लहान भाकरी, दाण्याची आमटी आणि थोडीशी भगर असे ठरले. तोवर ग्लिमेपिराइड बंद असल्याने उपवासात साखर पडण्याची भीतीही राहिली नव्हती.

*वजन उचलणे.* बाईंचा समज होता की गुडघा दुखतो म्हणजे त्याला जपायचे. फिजिओथेरपिस्टने उलट सांगितले: मांडीचा पुढचा स्नायू आणि नितंबाचे स्नायू कमकुवत झाल्याने भार सांध्यावर येतो आहे. सुरुवात घरीच झाली. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, ओट्याला टेकून पुश-अप, जमिनीवर पाठ टेकून कंबर उचलणे, रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून मागे ओढणे. पहिल्या चाचणीत ३० सेकंदांत बाई आठ वेळा उठल्या.

नोव्हेंबरपासून जिम. तिथे ट्रेनरने त्यांना बघून सरळ ट्रेडमिल दाखवली. मध्यमवयीन, जाड बाई आली की बहुतेक जिममध्ये हेच होते, आणि हे बदलले पाहिजे असे मला मनापासून वाटते. वजन घटताना चरबीसोबत स्नायूही जातो. पन्नाशीकडे झुकलेल्या, पाळी जाण्याच्या उंबरठ्यावरच्या बाईला तो स्नायू परत मिळवणे कठीण असते. तो टिकवायचा तर पुरेशी प्रथिने आणि जड उचलणे, दोन्ही लागते. फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी दाखवल्यावर कार्यक्रम बदलला. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सहाला: छातीशी डंबेल धरून बैठका, डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरून वजन उचलून सरळ उभे राहणे, रोइंग म्हणजे वजन स्वतःकडे ओढणे, डोक्यावर डंबेल ढकलणे. प्रत्येकी तीन सेट, आणि प्रत्येक सेटमधल्या शेवटच्या दोन रेप्स, म्हणजे आवर्तने, कष्टाच्या वाटल्या पाहिजेत एवढा भार. जमले की पुढच्या आठवड्यात थोडा वाढवायचा. चालणे सुटले नाही, पण ते मुख्य राहिले नाही.

अडलेले दोन महिने

नोव्हेंबरच्या मध्यापासून वजन ७३ वर थांबले. दिवाळी हे त्याचे कारण नव्हते. दिवाळीतले दीड-दोन किलो पुन्हा भरलेले पाणी होते, आठवड्यात उतरले. जानेवारीच्या तपासणीत मात्र एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११२ वरून १४८ वर गेलेले दिसले.

वही पुन्हा लिहून घेतली तेव्हा दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडले. कर्बोदके १२० च्या आतच होती. पण शेंगाची चटणी आता चमच्याने न घेता वाटीने घेतली जात होती, येता-जाता मूठभर दाणे, भाजीवर तूप, भाकरीवर लोणी. "फॅटने वजन वाढत नाही" हे वाक्य व्हिडिओंतून घरात शिरले होते. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त उष्मांक असतात. एलडीएलच्या वाढीमागे मुख्यतः तूप आणि लोणी होते. दाणे मोजून दिवसाला ३० ग्रॅम, चटणी दोन चमचे, तूप एक चमचा, लोणी बंद, पनीर गाईच्या दुधाचे असा बदल केला. त्या बैठकीत संक्रांतीच्या गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, जायचे की नाही हेही विचारले गेले. जायचे ठरले, भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरीही खायची ठरली. वर्षातला तो दिवस गाळून काही साधले नसते.

मार्च २०२५ मध्ये भूक आणि वजन कमी करणारे तिर्झेपटाइडचे इंजेक्शन भारतात आले आणि बाईंनी त्याबद्दल विचारले. प्रश्न योग्यच होता. फिजिशियननी सांगितले की औषध परिणामकारक आहे, पण वजन पुन्हा उतरायला लागले आहे, साखर हातात आहे आणि खर्च दरमहा हजारोंत जाईल. सहा महिन्यांनी पुन्हा विचार करू असे ठरले. इंजेक्शन घेतले असते तरी प्रथिने आणि डंबेल सुटले नसते, भूक मेल्यावर तर त्यांची गरज जास्त.

निकाल

जून २०२५ मध्ये वजन ६९.५ किलो, कमर ८९ सेंटिमीटर. एचबीएवनसी ६.३. ग्लिमेपिराइड बंद, मेटफॉर्मिन निम्म्यावर. एलडीएल ११८ वर आले, मधुमेहात ते आणखी खाली हवे म्हणून स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा, निर्णय फिजिशियनच्या पुढच्या भेटीवर आहे. ३० सेकंदांत बाई पंधरा वेळा उठतात. डेडलिफ्ट ४० किलो. शाळेचे दोन मजले जिन्याने चढतात, गुडघा क्वचित दुखतो.

याला मधुमेह बरा झाला असे म्हणता येणार नाही. सगळी औषधे थांबवून किमान तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.५ च्या खाली असेल तरच मधुमेह ओसरला असे धरतात. बाई मेटफॉर्मिनवर आहेत. बीएमआय अजून २८ च्या वर आहे.

वेगळे काय करता आले असते

एलडीएलची तपासणी तिसऱ्याच महिन्यात व्हायला हवी होती. ती जानेवारीत झाली, तोवर लोण्याची सवय लागली होती आणि ती मोडायला वेळ गेला.

ताकदीचा व्यायाम जिमपर्यंत पोहोचायला चार महिने लागले. पहिला महिनाभर गुडघ्यासाठी घरी थांबणे योग्यच होते. त्यानंतर घरात दोन डंबेल आणून भार वाढवता आला असता. सर्वांत वेगाने वजन उतरले तेच महिने सर्वांत हलक्या व्यायामाचे होते, म्हणजे स्नायूही तेव्हाच जास्त गेला असण्याची शक्यता आहे. मोजमापात फक्त खुर्चीची चाचणी आणि कमर होती. जिममधल्या यंत्राचा चरबीचा आकडा शरीरातल्या पाण्याप्रमाणे हलतो, म्हणून तो नोंदीत घेतला नाही. मांडीचा आणि दंडाचा घेर टेपने घेता आला असता, खर्च काहीच नव्हता.

सासूबाईंना पहिल्याच बैठकीत बोलवायला हवे होते की नंतर, यावर आमच्यात दोन मते आहेत. फिजिशियनच्या मते वर्गातल्या प्रसंगानंतर घर इतके घाबरलेले होते, की आधी साखर स्थिर झालेली दाखवणे गरजेचे होते. माझ्या मते स्वयंपाक करणारी व्यक्ती पहिल्या दिवसापासून सोबत असावी. नव्या रुग्णांच्या बाबतीत मी आता पहिल्या भेटीतच विचारते की घरात पीठ कोण मळते, आणि त्यांना दुसऱ्या भेटीला सोबत आणायला सांगते.

पुढची एचबीएवनसी डिसेंबरमध्ये आहे. ती ६.५ च्या खाली राहिली तर मेटफॉर्मिन थांबवून पाहायचे आहे. तोवर हुरड्याचा हंगाम आलेला असेल. कोवळ्या ज्वारीतही कर्बोदके असतातच. हुरड्याच्या दिवशी रात्रीची भाकरी नाही, असे बाईंनी आपणहून वहीत लिहून ठेवले आहे.